पायाच्या नखांच्या मुळाची कातडी घरी कशी कापायची? मदत हवी आहे

मोहाडीची लेक
गुरुवारी चुलत बहिणीची हळद आहे आणि माझे पाय कुणाला दाखवण्यासारखे राहिले नाहीत. नखाच्या मुळाची कातडी पुढे सरकून नखावर चढलीय, कडेला पापुद्रे सुटलेत. नेलकटरचं तोंड तिथे शिरत नाही. नाशिकला पार्लरला जायचं तर दिवस मोडतो, इकडे द्राक्षांचं थिनिंग (घडातले जादा मणी कात्रीने काढणं) चालू आहे. कशाने कापू आणि किती, एवढंच सांगा. लवकर.

पंचवटीकर
काही कापू नका. खोबरेल तेलात हळद कालवून रात्री लावा आणि मोजे घालून झोपा. आमच्या आजीने जन्मभर हेच केलं, टाचेला एक भेग नव्हती.

मोहाडीची लेक
टाचांचं नाही हो, नखांचं विचारलंय.

सिडको ब्युटी
ताई, पाय दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. क्युटिकल रिमूव्हर (ही कातडी मऊ करणारं द्रव) लावा, पुशरने कातडी मागे ढकला आणि निपरने (बारीक तोंडाच्या कातरीने) गोल कापून घ्या. आम्ही रोज करतो.

वॉर्डातली सिस्टर
"गोल कापून घ्या" हे कृपया सांगू नका. नखावर चिकटलेला पातळ पांढरा पापुद्रा मेलेला असतो, तो निघाला तरी चालतं. त्याच्या मागची जाड घडी जिवंत कातडी आहे. ती नखाच्या मुळाशी पाणी आणि जंतू जाऊ देत नाही. ती कापली की नखुरडं होऊ शकतं. ताई, शुगर आहे का? कुठे लाल किंवा दुखरं आहे का?

सिडको ब्युटी
आमच्याकडे कुणाला नखुरडं झालेलं नाही. हत्यारं स्वच्छ असली की झालं.

वॉर्डातली सिस्टर
झालं तर ते दोन-तीन दिवसांनी होतं, आणि मग ती बाई तुमच्याकडे येत नाही, आमच्याकडे येते.

मोहाडीची लेक
शुगर नाही, वय २६. उजव्या अंगठ्याची कड जरा लाल आहे. परवा पापुद्रा ओढला तेव्हा रक्त आलं होतं. मग उरलेला थिनिंगच्या कात्रीने कापला, तिचं टोक बारीक असतं म्हणून.

निफाडचा बागायतदार
ताई, ती कात्री दिवसभर फवारलेल्या घडांत फिरते. अंगाला लावू नका. गमबूट घालता का?

मोहाडीची लेक
हो, सकाळी साडेसातपासून. बागेत सगळेच घालतात म्हणून लिहिलं नाही.

वॉर्डातली सिस्टर
हे आधी सांगायला हवं होतं. दिवसभर पाय ओले राहिले की कातडी फुगते आणि पापुद्रे सुटतात. नुसतं कापून ते थांबणार नाही. सुती मोजे घाला, दुपारी बदला, बोटांच्या फटी कोरड्या करा.
उजव्या अंगठ्याला काहीही करू नका. कोमट मिठाच्या पाण्यात दिवसातून तीन-चार वेळा पंधरा मिनिटं बुडवा आणि पुसून कोरडा करा. ठणका लागला, पू दिसला किंवा लाली वर चढली तर त्याच दिवशी डॉक्टर, हळद असो नाहीतर लग्न.
बाकी नखांना आंघोळीनंतर, कातडी मऊ असताना, ओल्या टॉवेलच्या कोपऱ्याने हलकेच मागे सारा. जोर लावायचा नाही. लोंबता पापुद्रा तेवढा स्वच्छ, स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने मुळाजवळ कापा. ओढू नका. वरून व्हॅसलिन.

सिडको ब्युटी
आणि अंगठ्याला रिमूव्हरही लावू नका ताई. त्यात अल्कली असते, फाटलेल्या कातडीवर आग होते. सिस्टरचं हे मला पटलं.

पंचवटीकर
मग तेल-हळद लाल अंगठ्याला चालेल ना?

वॉर्डातली सिस्टर
नाही. फाटलेल्या कातडीवर घरचं काही नको.

निफाडचा बागायतदार
विषय निघालाच आहे तर, थिनिंगला टोळी कुठली मिळाली? आमच्याकडे माणसंच नाहीत, मणी फुगायला लागले.

मोहाडीची लेक
बुधवार रात्र. नऊ नखं छान झाली, कात्री फक्त दोन ठिकाणी वापरावी लागली. उजव्या अंगठ्याची लाली कमी आहे, दाबलं तर दुखतं. सिस्टर, उद्या नेलपॉलिश लावू का?

वॉर्डातली सिस्टर
नऊ नखांना लावा. दहावं राहू द्या.

मोहाडीची लेक
बरं. दादा, टोळी पेठ तालुक्यातली आहे, सोमवारी आमच्याकडून मोकळी होईल. मुकादमाशी बोलून ठेवते.