‘चवथीआधी करून दितंय’: कोकणातलं स्वयंपाकघर आणि ठेकेदार (अनुभव धागा)

दिवाळी संपली की कोकणात बांधकामाचा हंगाम उघडतो. रस्ते सुकतात, चिऱ्याच्या (जांभा दगडाच्या) खाणी चालू होतात आणि मुंबई-पुण्यात बसलेल्या आपल्यासारख्यांना गावच्या घराचं स्वयंपाकघर आठवायला लागतं. शहरातल्या फ्लॅटमधलं किचन करून घेणं आणि इथलं करून घेणं यात फरक आहे. इथे चार महिने पाऊस, बारा महिने खारा वारा, भिंती चिऱ्याच्या, वर कौलं किंवा पत्रा, आणि मालक बहुतेक वेळा जागेवर नसतो. म्हणून हा धागा.

दोन विनंत्या आहेत. ठेकेदाराचं किंवा दुकानाचं नाव लिहू नका. आणि ‘माणूस चांगला मिळाला’ एवढ्यावर भागवू नका; काय ठरलं होतं, काय झालं, पैसे कुठल्या टप्प्यावर दिले, ते लिहा.

सुरुवात मीच करतो. रत्नागिरीजवळ आमचं स्लॅबचं घर. ओट्याला ग्रॅनाइट घालायचं होतं. मेव्हण्याचे हात आधीच पोळले होते, त्यामुळे आम्ही दराआधी ‘मोजणार कसं?’ हे विचारलं. उत्तर ऐकण्यासारखं होतं. ओट्याचा दर चौरस फुटावर. पुढे खाली उतरणारी पट्टी आणि मागची चार इंची पट्टी त्याच दराने, पण वेगळी धरून. धारेचं मोल्डिंग रनिंग फुटावर, म्हणजे नुसत्या लांबीवर. सिंक आणि शेगडीसाठी कापायचं त्याचे नगावर पैसे, आणि कापून निघालेला तुकडाही मापातून वजा नाही. यात फसवणूक कसली नाही, धंद्याची रीतच तशी आहे. पण नुसता दर ऐकून मनात जो आकडा धरला होता तो यानंतर जवळजवळ दीडपट झाला. शटरचंही तेच. कोणी समोरून दिसणारं क्षेत्र मोजतो, कोणी आतल्या फळ्यांसकट. दोन कोटेशनं शेजारी ठेवून ‘हा स्वस्त’ म्हणण्याआधी दोघांचं माप एकाच पद्धतीचं आहे का, ते पाहा.

मालवण तालुक्यातून

घर आईचं, मी डोंबिवलीत. सगळं काम व्हॉट्सॲपवर चाललं होतं. ठेकेदार रोज संध्याकाळी फोटो पाठवायचा आणि फोटोत सगळं झकास दिसायचं. फोन केला की एकच वाक्य: “तुमी काय काळजी करू नकात, चवथीआधी सगळा करून दितंय.” चवथ म्हणजे गणेश चतुर्थी; पण कुठल्या सालच्या चवथीआधी, ते तो सांगत नसे.

शेजारचे काका रोज एक फेरी मारायचे म्हणून आम्ही वाचलो. लादी बसवल्यावर त्यांनी कोणाला न विचारता बादलीभर पाणी ओतलं. पाणी जाळीकडे न जाता सरळ माजघराच्या उंबऱ्याकडे निघालं. सांधे अजून भरलेले नव्हते, लादी खालून पक्की झाली नव्हती, म्हणून तेवढा भाग उचलून पुन्हा बसवता आला. उतार फोटोत दिसत नाही. तुम्ही लांब असाल तर फोटो नको, पाणी ओततानाचा व्हिडिओ मागा.

दुसरा वाद ओट्याच्या उंचीवरून झाला. तो म्हणे ३४ इंच, ‘स्टँडर्ड’. माझ्या आईची उंची पाच फूटही नाही. तिने भिंतीला हात लावून दाखवलं, इथवर. मोजलं तर ३१ भरले. कोपर वाकवून सरळ उभं राहायचं आणि कोपराखाली चार-पाच इंच सोडून ओटा धरायचा, ही साधी रीत. शेगडी जिथे असेल तिथे आणखी थोडा खाली, कारण शेगडीवर पेजेचा टोप चढला की ढवळणारा हात खांद्याला लागतो. ‘स्टँडर्ड’ कोणाच्या उंचीवरून काढलंय कोण जाणे, आमच्या आळीतल्या कुठल्याच बाईच्या उंचीवरून नसावं.

आणि मागच्या दाराजवळ आराखड्यात एक उंच कपाट काढलेलं होतं, ते आईने खोडायला लावलं. ती जागा तिला आडाळ्यावर बसून नारळ खवायला हवी होती. मिक्सर आहे, फूड प्रोसेसरही आहे. ती बसूनच खवते.

चिपळूणहून

आमच्याकडे दोन पूर आणि दोन स्वयंपाकघरं, म्हणून जरा लांब लिहिते.

२६ जुलै २००५ ला घरात पाणी आलं तेव्हा आमच्याकडे कडप्प्याच्या मांडण्या होत्या. गाळ उपसला, धुतलं, भांडी उन्हात घातली, स्वयंपाक सुरू झाला. नंतर घरात सून आली, हौस झाली, मॉड्युलर किचन केलं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी ओट्याच्याही वर गेलं. पाणी ओसरल्यावर पाहिलं तर ट्रॉल्यांच्या बाजू फुगून बसलेल्या, लॅमिनेट सुटून लोंबत होतं. आतला एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) हाताने चुरगाळता येत होता. एकही ड्रॉवर उघडेना, आणि आतल्या कुजक्या वासाने पुढचे कितीतरी दिवस घरात बसवेना.

मग गावभर एकाच वेळी सगळ्यांना सुतार हवा. जो येईल तो म्हणेल तो दर. आमच्याकडे आलेल्या ठेकेदाराने पुन्हा तेच किचन, फक्त वेगळ्या रंगात, सुचवलं. आम्ही त्याला कडप्प्याच्या उभ्या पट्ट्या आणि आडव्या मांडण्या घालायला लावल्या. पुढे ॲल्युमिनियमच्या चौकटीची शटरं, तीही बिजागरीतून उचलून माळ्यावर नेता येतील अशी. सॉकेट सगळे पाच फुटांवर, वायरिंग वरून खाली, तळमजल्याची वीज तोडायला वेगळा एमसीबी (स्विच). सिंकच्या खाली दारच नाही. “मॅडम, शोभा जाते,” तो म्हणाला. जाऊ दे.

या सगळ्या गडबडीत एकच माणूस शांत होता, आमचा म्हातारा गवंडी. बाकीचे लगेच पुट्टी मारायला निघाले होते. त्याने भिंतीचा गिलावा कमरेएवढा खरवडून काढला आणि म्हणाला, आता उन्हाळा जाऊ दे. भिंत पोटातून वाळल्याशिवाय वर काही लावलं तर ते पोपडे धरणारच. आमच्या शेजाऱ्यांनी गणपतीला रंग दिला होता, होळीला तो हातात आला.

दापोलीच्या बाजूने

३ जून २०२०, निसर्ग वादळ. मागच्या पडवीसकट स्वयंपाकघरावरची कौलं गेली. त्या दिवसांत जो तो पत्रा घालायच्या मागे होता, आणि चूक म्हणता येत नाही. पाऊस डोक्यावर होता, कौलं मिळत नव्हती. आम्हीही पुढच्या बाजूला पत्राच घातला. पण स्वयंपाकघरापुरती मंगलोरी कौलं अख्खी निवडून निवडून परत चढवली. एप्रिलमध्ये पत्र्याखाली भाकऱ्या भाजून बघा, म्हणजे का ते कळेल.

ठेकेदाराचा आग्रह होता की कौलांखाली पीओपीचं सिलिंग करू, म्हणजे ‘फिनिशिंग’ येईल. नको म्हटलं. कौलं दर वर्षी पावसाआधी परतावी लागतात. माकड एक कौल सरकवून जातं आणि गळती नेमकी कुठे आहे ते खालून दिसावं लागतं. सिलिंग असलं की ते भिजून खाली आल्यावरच समजतं.

आणखी एक. आमचे वासे काळेकुट्ट होते, चुलीच्या धुराने. आजी म्हणायची, धूर आहे तोवर वाशाला काही होत नाही. गॅस आला, चूल मागीलदारी गेली आणि काही वर्षांनी वाशांतून भुसा पडायला लागला. आता नव्या वाशांना आधी औषध मारून मग चढवले. जुन्यांपैकी फणसाचे होते ते तसेच ठेवले, त्यांना भुंगा शिवलाही नव्हता.

वेंगुर्ल्याहून

आमचा छोटा मुद्दा. समुद्र घरातून ऐकू येतो. स्टीलचं सिंक, ट्रॉलीच्या जाळ्या, बिजागऱ्या, सगळं ‘एसएस’ (स्टेनलेस स्टील) म्हणून दिलं आणि पहिल्याच पावसाळ्यात तांबूस ठिपके आले. दुकानदाराने चुंबक लावून दाखवलं होतं, चिकटत नाही म्हणजे अस्सल. तसं नसतं. २०२ आणि ३०४ या स्टेनलेस स्टीलच्या प्रती, दोन्हींना चुंबक सहसा चिकटत नाही. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, ते खाऱ्या हवेत लवकर गंजतं. निदान ३०४ हवं, आणि बिलावर तसं लिहून हवं. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, ते मिठाला सर्वांत चांगलं टिकतं, पण महाग. आम्ही सिंक आणि बिजागऱ्या ३०४ च्या घेतल्या. जाळ्या काढून टाकून साध्या फळ्या टाकल्या.

राजापूरहून

प्लायवर ‘मरीन’ असा शिक्का कोणीही मारतो. आयएस ७१० हा क्रमांक आणि आयएसआय चिन्ह पाहा. त्या प्लायचा तुकडा ७२ तास उकळूनही सुटता कामा नये असं मानक आहे. आयएस ३०३ चं साधं एमआर प्लाय दमट हवेपुरतं असतं, पाण्यासाठी नाही. आमच्या वडिलांचा शिक्क्यावर विश्वास नाही. त्यांनी सुताराकडून वीतभर तुकडा मागून घेतला आणि न्हाणीच्या चुलीवर, आंघोळीचं पाणी तापतं त्या हंड्यात, दिवसभर सोडला. संध्याकाळी त्याची पानं झाली होती. सुतार काही बोलला नाही, दुसऱ्या दिवशी दुसरा माल आला. तोही तुकडा हंड्यात गेला, आणि टिकला.

कुडाळहून, मी स्वतः हीच कामं घेतो

वाचतोय सगळं. बरंचसं खरं आहे, पण आमची बाजूही ऐका.

तुमचा निरोप मार्चअखेर येतो आणि मे महिन्यात पोरांना सुट्टी लागायच्या आत किचन हवं असतं. गावातले गवंडी शिमग्याला घरी, लादीवाले आणि सुतार बाहेरच्या राज्यांतले, ते होळीला गेले की परत कधी येतील ते त्यांनाही माहीत नसतं. मेमध्ये प्रत्येकाचं काम एकदम निघतं. आम्ही ‘होय’ म्हणतो ही आमची चूक, मान्य. पण ‘नाही’ म्हटलं की तुम्ही दुसऱ्याकडे जाता आणि तो ‘होय’ म्हणतो.

दुसरं, बदल. नळाची जागा ठरते, चिऱ्यात झिरी मारून पाइप गाडतो, गिलावा होतो, मग मुंबईहून वहिनींचा फोन येतो की सिंक खिडकीखाली हवं. चिरा कापायला सोपा म्हणून लोकांना वाटतं काय एवढं. पण चिरा पाणी पितो. सांध्यातून थेंब थेंब गळलं तरी ओल भलत्याच ठिकाणी फुटते आणि मूळ सापडत नाही. म्हणून पाइप गाडल्यावर दाब देऊन रात्रभर ठेवायचे, मगच बुजवायचे. जो हे करत नाही त्याला काम देऊ नका, मी असलो तरी.

तिसरं, वाळू. खाडीची वाळू स्वस्तात पडते म्हणून कधी कधी गिऱ्हाईकच आणून टाकतं. त्यात मीठ असतं. गिलाव्याला लोणा (पांढरा खार) येतो, आतली सळई गंजते, आणि दोन वर्षांनी नाव आमचं. मी क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) मागतो, नसेल तर काम धरत नाही.

पैशाचं सांगतो. अर्धे पैसे आगाऊ मागणाऱ्याला लगेच चोर समजू नका, मालाला रोख लागते. पण सगळ्यांत स्वच्छ रीत अशी की माल तुम्ही तुमच्या नावावर बिल घेऊन आणा, आम्हाला मजुरी टप्प्याने द्या: तोडफोड आणि पाइप झाल्यावर, लादी-ओटा झाल्यावर, शटर लागल्यावर. शेवटचा हप्ता एक पाऊस जाईपर्यंत ठेवलात तरी माझी हरकत नाही, फक्त ते आधी सांगा. काम संपल्यावर ‘बघू’ म्हणू नका.

गुहागरहून

ठेकेदारदादांनी लिहिलंय ते पटलं. आमचा मात्र ओटा उखडून पळालेला होता. आगाऊ रक्कम घेतली, जुना ओटा तोडला, गायब. फोन उचलेना. मी निवृत्त शिक्षिका, घाबरले नाही. आधी रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवली. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तरी हालचाल नाही, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. मुंबईकरांसाठी मुद्दाम सांगते: २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, गावाला खेटे घालावे लागत नाहीत. होमस्टेसाठी किचन करणाऱ्यांनी मात्र आधी वकिलाला विचारावं, कारण व्यापारी कामासाठी घेतलेली सेवा वगळलेली आहे; स्वतःच्या उपजीविकेसाठी असेल तर धरतात.

माझं प्रकरण सुनावणीआधीच मिटलं, पैसे परत आले. उपयोगाला आलं ते एकच: आगाऊ रक्कम बँकेतून दिली होती आणि ‘कशासाठी’ ते तिथे लिहिलं होतं.

मालवण तालुक्यातून (पुन्हा)

कुडाळच्या दादांना एक विचारायचं होतं. चिमणी घ्यावी का? आईचं म्हणणं, मागचं दार उघडलं की झालं. बांगडे तळले की मला मात्र ते पटत नाही.

कुडाळहून

घ्या, पण डक्ट बाहेर काढणारी. फिल्टरमधून हवा आतच फिरवणारी नको, वास जात नाही. डक्टला वळणं कमीत कमी, आणि बाहेरच्या तोंडाला झडप आणि जाळी दोन्ही. नाहीतर पावसाचं झड आत येतं आणि साळुंक्या घरटं करतात. भोक गिलाव्याच्या आधी पाडून घ्या. आणि वीज गेली की मागचं दार आहेच.

वेंगुर्ल्याहून

जाळी ३०४ ची!