चिनीमातीच्या १० कोटी बिया आणि शिल्पकार एकच?

कृष्णाकाठ (सांगली)
काल इथं कुणीतरी चिनी कलाकार आय वेईवेईच्या चिनीमातीच्या बियांबद्दल लिहिलंय, "आय वेईवेईनं बिया स्वतः केल्याच नाहीत, मग तो शिल्पकार कसला? ही लूट आहे." वाचून गप्प बसवेना. २०१० साली लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात मांडलेलं हे काम. १० कोटी सूर्यफुलाच्या बिया, वजन सुमारे १५० टन, सगळी चिनीमाती. चीनमधल्या जिंगदेझेन या चिनीमातीच्या कामाच्या गावातल्या १,६०० कारागिरांनी अडीच वर्षं खपून केलेल्या. साच्यातून काढलेली बी १,३०० अंश सेल्सिअसवर भाजली, ब्रशनं रेघा ओढल्या, पुन्हा ८०० अंशांवर भाजली. ज्या देशात माओला सूर्य आणि जनतेला त्याच्याकडं वळलेली सूर्यफुलं म्हणून रंगवलं, तिथल्या माणसाचं हे काम. लांबून करडा ढीग, जवळून एक बी दुसरीसारखी नाही. हे सुचणं हेच शिल्प.

कराडची माती
सुचलं की भाजून निघतं का? पोर्सेलिन, म्हणजे चिनीमाती, १२-१५ टक्के आटतं, साचा तेवढा मोठा धरावा लागतो. ते गणित जिंगदेझेनच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या आहे. २०११ मध्ये यातल्या १०० किलो बिया लिलावात साडेतीन लाख पौंडांच्या आसपास गेल्या. नाव कुणाचं झालं? आपल्याकडं तरी मूर्तीवर कुंभाराचं नाव कुठं असतं!

मिरजवाला
धुळीचं कुणी बोलत नाही. लोकांनी बियांवरून चालावं अशी मांडणी होती, काही दिवसांतच बंद केली, कारण पायाखाली घासून धूळ उडत होती. सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते. आपल्याकडच्या मातीकामाच्या खोल्यांत मात्र कोरडा झाडू फिरतो. ओल्या फडक्यानं पुसा, तोंडाला रुमाल नको, एन-९५ मास्क लावा.

सातारी मुलूख
आपल्या कुंभारांना वाव द्या की. कृष्णेच्या मातीत मोठी शिल्पं का होऊ नयेत?

कराडची माती
आधी माती बघा. काळी माती वाळताना फार आक्रसते, तडे जातात. शिवाय तिच्यात चुनखडीचे खडे. भाजल्यावर त्यांचा कळीचा चुना होतो, हवेतला ओलावा ओढून फुगतो आणि काही दिवसांनी टवके उडतात. म्हणून माती पातळ कालवून ८० नंबरच्या बारीक जाळीतून गाळा. भाजक्या मातीची भरड २०-२५ टक्के घाला. आतून पोकळ ठेवा, भिंत दोन सेंटिमीटरच्या आसपास. आणि १,३०० अंशांचं नाव काढू नका, ही लोहाची माती त्याच्या कितीतरी आधी फुगून बसते.

सातारी मुलूख
पोकळ ठेवलं की आत हवा अडकून भट्टीत फुटतं, हे शाळेतलं पोरगंही सांगेल.

कराडची माती
पुन्हा तेच! हवेनं नाही, पाण्यानं फुटतं. वाफ पाण्याच्या सुमारे १,६०० पट जागा मागते. भिंत पूर्ण कोरडी असेल तर आतली हवा काही करत नाही. गालाला लावून गार लागली तर मूर्ती अजून ओली आहे. १२० अंशांपर्यंत आच अगदी सावकाश चढवा. ५७३ अंशांना मातीतला गारगोटीचा कण, म्हणजे क्वार्ट्‌झ एकदम फुगतो, आच उतरताना आक्रसतो, तिथं दोन्ही वेळा घाई नको.

सातारी मुलूख
भाषा सांभाळून बोला. आव्यात, म्हणजे कुंभाराच्या उघड्या भट्टीत, थर्मामीटर नसतो. शेणी पेटल्या की आच झपाट्यानं चढते. मग हवा की पाणी, कुंभाराला काय फरक?

कराडची माती
फरक आहे. हवेच्या भीतीनं, ती निघावी म्हणून मूर्ती टोचत बसाल, ओलावा ओळखलात तर आठ दिवस जास्त वाळवाल. मडकं आव्यात टिकतं, कारण भिंत पातळ आणि मातीत राख-लीद, वाफेला वाट मिळते. शिल्पालाही तशी वाट ठेवा.

सातारी मुलूख
बरं, वाळवण्याचं पटलं. बाकीचं आव्याजवळ बसून बघू.

कृष्णाकाठ (सांगली)
मूळ प्रश्नावर या. पुद्दुचेरीचे मातीकाम करणारे कलाकार रे मीकर यांनी मातीची आख्खी घरं बांधून जागेवरच भाजली. विटा रचायला गवंडी होतेच. तरी घरं मीकरांचीच म्हणतो ना?

कराडची माती
कारण भाजण्याची विद्या मीकरांच्या स्वतःच्या हातात होती. वेईवेईनं ती दुसऱ्यांकडून घेतली. कल्पना त्याची, एवढं मी देतो. पण टेटमधल्या फिल्ममध्ये कारागीर दाखवले, तसं कामाच्या नावाखालीही "जिंगदेझेनच्या कारागिरांसह" असं यायला हवं होतं.

कृष्णाकाठ (सांगली)
ती ओळ असती तर माझी हरकत नव्हती. पण लूट म्हणू नका, तो शब्द मागे घ्यायलाच हवा.