मदत हवी आहे: 'स्टोरीज ऑफ अवर लाइव्ज' कुठे बघायला मिळेल?

नमस्कार मंडळी, केनियाचा 'स्टोरीज ऑफ अवर लाइव्ज' (२०१४) कोणी पाहिलाय का? नैरोबीच्या नेस्ट कलेक्टिव्ह या कलाकारांच्या ग्रुपचा, दिग्दर्शक जिम चुचू. तासाभराचाच पिक्चर, त्यात पाच छोट्या गोष्टी, सगळ्या ब्लॅक अँड व्हाइट, आणि गोष्टी समलिंगी पोरापोरींच्या, खऱ्या लोकांशी बोलून लिहिलेल्या. केनियात यावर बंदी आलेली पण २०१५ ला बर्लिन फिल्म फेस्टिव्हलमध्ये टेडी ज्युरीचं बक्षीस (टेडी म्हणजे तिथले LGBT पिक्चरांचे पुरस्कार) घेऊन आला.

मी मागे एका मित्राच्या लॅपटॉपवर अर्धवट पाहिला, शाळेतल्या दोन मुलींची गोष्ट पाहिली आणि पुढे शेतावर काम करणाऱ्या दोन दोस्तांची लागली, त्यातला एक दुसऱ्याच्या प्रेमात आणि दुसरा आपला मजेत एका पोरीबरोबर फ्लर्ट करतोय, तो पहिल्याचा गप्प चेहरा अजून डोळ्यासमोरून जात नाही यार. नेमकी तेव्हाच बॅटरी संपली!

आता आमच्या पाचसहा जणांच्या ग्रुपला एकत्र बघायचाय. पायरेटेड लिंक नकोय प्लीज, बनवणाऱ्यांनी आधीच पुष्कळ सोसलंय. भाड्याने किंवा विकत, सबटायटलसकट कुठे मिळेल? थोडं स्वाहिली आहे त्यात म्हणून म्हणतेय. आणि असेच आफ्रिकेतले तुकड्यातुकड्यांचे पिक्चर माहीत असतील तर तेही सांगा.