मेळघाट: रस्त्यावरचा ठसा वाघाचा की बिबट्याचा?

रानवाट: मेळघाटात वाघ दिसणं दुर्मीळ, पण सेमाडोह-कोलकास भागातल्या कच्च्या रस्त्यांवर ठसे बरेच मिळतात. सफारीत जिप्सीतून उतरायला मनाई. मग वाघ, बिबट्या, तरस हे वरूनच कसं ओळखायचं? ठसा ताजा आहे हे कशावरून?

सालई: आधी नखं बघा. वाघ-बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतात, म्हणून चार बोटं आणि गादी एवढंच उमटतं. नखांची टोकं दिसली तर तरस किंवा रानकुत्रा. अस्वलाला पाच बोटं, पुढे लांब नखांच्या रेघा. मागचं पाऊल तर माणसाच्या अनवाणी पावलासारखंच.

वाघ की बिबट्या ते मापावर. मोठ्या बिबट्याचा ठसा साधारण ७-८ सेंमी रुंद, मोठ्या वाघाचा १२ च्या आसपास किंवा जास्त. गोची होते ती वाघाच्या बछड्यापाशी, कारण त्याचं माप बिबट्याएवढं भरतं. अशा वेळी शेजारी आईचे मोठे ठसे आहेत का ते शोधा.

पाणवठा: नर-मादी मागच्या पावलावरूनच ठरवा. नराचा ठसा चौकोनात बसतो, मादीचा लांबट. पुढचं पाऊल मुळातच रुंद, त्यावरून मादीचाही नर होतो! शिवाय चालताना मागचं पाऊल बहुतेकदा पुढच्याच्या ठशावर पडतं आणि दोन्ही मिळून एक राक्षसी ठसा दिसतो. भुसभुशीत फुफाट्यात, चिखलात ठसा पसरतो तो वेगळाच. अशा घोळांमुळेच ठशांवरून वाघ मोजणं मागे पडलं. २००६ च्या गणनेपासून भर कॅमेरा ट्रॅपवर (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) आणि त्या फोटोत दिसणाऱ्या अंगावरच्या पट्ट्यांवर आहे.

सालई: ताजेपणाचं म्हणाल तर चाकांच्या खुणा बघा. सकाळच्या पहिल्या फेरीत ठसा कालच्या टायरच्या नक्षीवर उमटलेला असेल, तर जनावर रात्रीतून गेलंय. टायर ठशावरून गेलं असेल तर ठसा कालचा किंवा त्याआधीचा. कडा धारदार, आत पानाचा तुकडा नाही, किड्यांची नक्षी नाही, म्हणजे ताजा. एप्रिल-मेमध्ये सागाचा पाचोळा सगळं झाकून टाकतो, तेव्हा नाल्यातल्या वाळूवर जास्त लक्ष ठेवा.

रानवाट: ताजा ठसा मिळाल्यावर पुढे?

पाणवठा: गाडी बंद, बोलणं बंद, दहा मिनिटं इतर जनावरांच्या धोक्याच्या हाकांकडे कान द्या. चितळ कशालाही ओरडतं, त्यावर विसंबू नका. सांबर ठरावीक अंतरानं ओरडत राहिलं आणि वानरंही शेंड्यावरून एकाच दिशेला बघून खेकसत असली, तर नजर तिकडेच ठेवा.