बाल्कनीचा हट्ट कशाला?

चार कुटुंबं, सोबत सत्तरीचे आईबाबा आणि सगळ्यांनाच क्रूझच्या जहाजावर बाल्कनीवाली केबिन हवी, असं तुम्ही म्हणताय म्हणून लिहितो. बाल्कनीत बसतं कोण? पोरं स्विमिंग पूलवर, मोठी माणसं बुफेच्या रांगेत! आईबाबांना मात्र खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मधोमध केबिन घ्या. तिथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. लिफ्टजवळ मिळाली तर सोन्याहून पिवळं.

मुंबईहून क्रूझ बॅलार्ड पिअरवरून सुटते. पुण्याहून त्याच दिवशी निघायचं धाडस नको. घाटात एखादा ट्रक आडवा झाला की संपलं. आदल्या रात्रीच एखाद्या नातेवाइकाकडे मुक्काम ठोका. मोठ्या बॅगा धक्क्यावरच ताब्यात घेतात, त्या केबिनच्या दाराशी यायला कधीकधी संध्याकाळ होते. म्हणून बीपीच्या गोळ्या, चष्मा आणि पोरांचे पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीतच ठेवा.

जेवण भाड्यात असतं. दारू, वायफाय, बंदरावरच्या सहली बहुधा वेगळ्या. लक्षद्वीपचा थांबा असेल तर मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही, भर समुद्रात छोट्या बोटीत उतरावं लागतं. बुकिंगआधी आईंच्या गुडघ्यांची चौकशी करा.