कोकणातली कातळशिल्पं: बरोबर चालून समजावून सांगणारं कुणी सुचवाल का?

माधवी_कर्वेनगर
मंडळी, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात चार दिवस रत्नागिरी-राजापूर ठरतंय. आम्ही तिघं: मी, अकरा वर्षांची लेक आणि बाबा. बाबा 74 वर्षांचे, निवृत्त भूगोल शिक्षक. गुडघे कुरकुरतात, पण सपाटीवर चालायला माझ्या पुढे असतात. सड्यावरची, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर कोरलेली, कातळशिल्पं बघायची आहेत, पण नुसती बघून फोटो काढून यायचं नाहीये.

गेल्या वर्षी एका शहरात (नाव नको) पैसे भरून वारसा फेरीला गेलो होतो. चाळीस माणसं, एक कर्णा, दोन तासांत अकरा ठिकाणं. बाबांनी दगडाबद्दल काही विचारलं तर "काका, प्रश्न शेवटी घेऊ." शेवटी चहा झाला, प्रश्न राहिले. परतीच्या रिक्षात बाबा एक शब्द बोलले नाहीत. तसं परत नको. थोडी ठिकाणं, बोलणारा माणूस, आणि लेकीला कंटाळा येणार नाही असं काही. आधी असा धागा असेल तर तिकडे पाठवा.

खारेवारे
सोप्पं आहे. युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत 2022 साली नऊ ठिकाणं गेली. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गात कुडोपी आणि गोव्यात फणसईमाळ. गाडी आहे ना? नऊही करून टाका.

जांभ्याचा_चिरा
खारेवारे, त्यांनी आत्ताच अकरा ठिकाणांच्या फेरीचं रडगाणं सांगितलं आणि तुम्ही नऊ ठिकाणं हातात ठेवलीत!

माधवीताई, मी रत्नागिरीचा. माझं मत: दिवसाला एक, फार तर दोन. उन्हाची वेळ सांभाळा. बहुतेक चित्रं म्हणजे कातळात कोरलेल्या रेघा. डोक्यावर ऊन आलं की त्या सपाट होऊन जातात, समोर उभं राहूनही हत्ती सापडत नाही. सकाळी साडेआठपर्यंत किंवा चारनंतर तिरपं ऊन रेघेत सावली पाडतं आणि चित्र जमिनीतून उठून आल्यासारखं दिसतं. आमच्याकडे येणारे निम्मे पाहुणे बरोबर साडेबाराला पोचतात, मासे खाऊन.

सुरुवात रत्नागिरी तालुक्यातून करा. उक्षीला कोकण रेल्वेचं स्टेशनही आहे. तिथे एकच हत्ती आहे, भोवती गोल कठडा बांधलाय, बाबांना सोयीचं. जांभरुणला उलट पसारा आहे: माणसं, प्राणी, पक्षी, मासे. लेकीला तिथे सोडा आणि म्हणा, "शोध." आम्ही भाच्यांना असंच सोडलं होतं, तास कुठे गेला कळलं नाही. गणपतीपुळ्याकडे जाणार असाल तर चवे-देऊडला थांबा. तिथे गेंडा आहे. कोकणात आज गेंडा नाही, मग काढणाऱ्यानं तो कुठे पाहिला? हा प्रश्न लेकीला विचारा, उत्तर लगेच सांगू नका.

आता माणूस. रत्नागिरीत निसर्गयात्री संस्था आहे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव सडे पालथे घालून ही चित्रं नोंदवली. रत्नागिरी जिल्ह्यात सत्तरच्या आसपास ठिकाणी 1500 हून जास्त चित्रं आहेत ती अशी समोर आली, गुराख्यांना आणि म्हाताऱ्यांना विचारत विचारत. निघण्याआधी त्यांच्याशी बोला. कुठल्या गावात कोण बरोबर येईल हे त्यांना ठाऊक असतं.

माधवी_कर्वेनगर
जांभ्याचा_चिरा, हे वाचूनच बाबा खूश. ते विचारतायत, चित्रं फक्त जांभ्यावरच का, आणि इतकी सड्यावरच का?

जांभ्याचा_चिरा
"का" ला माझ्याकडे उत्तर नाही. दगडाचं सांगतो. उष्ण, पावसाळी हवेत मूळ खडक झिजतो, विरघळणारं सगळं वाहून जातं आणि लोह-ॲल्युमिनियम मागे राहतं, तो जांभा. खाणीत ओला असताना कापायला मऊ, उघड्यावर आला की कडक, म्हणून तर आमची घरं चिऱ्याची. सड्याचा वरचा थर मात्र वाऱ्यापावसात टणक झालेला. त्यावर माती जेमतेम, झाड नाही, शेती नाही. मोठं चित्र काढायला एवढा मोकळा फळा दुसरीकडे कुठे मिळणार? आणि नांगर फिरला नाही म्हणून ते टिकलं. आता नांगराऐवजी चिरेखाणीचं यंत्र फिरतं, ती वेगळी रड.

शंकेखोर_पाटील
जाता जाता एक सावधगिरी. कुणी छातीठोकपणे "वीस हजार वर्षं जुनं" म्हणालं तर विचारा, मोजलं कसं? दगडावरच्या नुसत्या रेघेचं वय थेट काढणं फार अवघड. अभ्यासक प्राण्यांवरून, कोरण्याच्या पद्धतीवरून, आसपास सापडलेल्या दगडी हत्यारांवरून अंदाज बांधतात, आणि बरेच जण मध्याश्मयुगाकडे, म्हणजे अश्मयुगाच्या मधल्या टप्प्याकडे, बोट दाखवतात. बारसूला एक माणूस आणि दोन्ही बाजूंना वाघ असं चित्र आहे. ते बघून लोकांना सिंधू संस्कृतीची मुद्रा आठवते आणि तिथून कल्पनेच्या घोड्याला लगाम राहत नाही. जो वाटाड्या "हे माहीत नाही" म्हणू शकतो तो चांगला. माझी एवढीच कसोटी.

राजापूरकर_अप्पा
मी राजापूर तालुक्यातला. आमच्याही सड्यावर चित्रं आहेत, लहानपणी गुरं घेऊन तिथेच असायचो. आजी म्हणायची पांडवांनी एका रात्रीत काढली. आम्ही त्यांच्यावर बसून आवळे खायचो, आता लोक लांबून बघायला येतात, गंमतच आहे.

तुम्ही आडिवऱ्याला मुक्काम करा. पावस, पूर्णगड करत किनाऱ्याच्या रस्त्यानं आलात तर मधे पावसला स्वामी स्वरूपानंदांची समाधीही होईल. आडिवऱ्यात महाकाली, आणि तिथून कशेळी अगदी जवळ. कशेळीचा हत्ती 18 मीटरच्या आसपास लांब आहे. उभं राहून पूर्ण दिसत नाही, भोवती फिरावं लागतं, आणि त्याच्या पोटात पुन्हा कितीतरी प्राणी कोरलेत. आधी हत्ती कुठे संपतो ते शोधायचं, मग आतले मोजायचे. गावातच कनकादित्याचं सूर्यमंदिर. तिथला शिलाहार राजा दुसरा भोज याचा 1191 सालचा ताम्रपट. म्हणजे एका दुपारी दोन काळ बघून होतात, घाई न करता.

दोन गोष्टी हात जोडून. सडा रिकामा दिसला तरी कुणाच्या तरी मालकीचा असतो, आधी वाडीत विचारा. आणि चित्रात खडूनं, पाण्यानं रेघा भरू नका, "फोटो नीट येतो" म्हणून लोक करतात. चित्रावर पाय नको, जवळ जायचं तर चपला काढून. बाकी कुणाच्या अंगणात उभे राहिलात तर पाणी मिळेल, कोकम मागितलंत तर तेही.

खारेवारे
अप्पा, माझी नऊची यादी मागे घेतो.

कुशावतीकाठी
आमचं फणसईमाळ या खेपेस सोडा, उलट बाजूला पडेल. पण पुढे गोव्यात आलात तर जरूर. कुशावती नदीच्या काठावर, सांगे तालुक्यात, उसगाळीमळला. तिथली चक्राकार भुलभुलैया बघितली की मूल बोट ठेवून वाट शोधायला बसतं (बोट हवेतच ठेवायला सांगा). 1993 साली ती अभ्यासकांच्या नजरेस आली, गावकऱ्यांना आधीपासून ठाऊक होती. पावसात नदी चढते, तेव्हा नको.

जांभ्याचा_चिरा
पावसावरून आठवलं. जुलै-ऑगस्टात चित्रांत पाणी साचतं, पण सड्यावर दीपकाडीची पांढरी फुलं असतात, नंतर सीतेची आसवं. त्यासाठी वेगळी खेप काढा. डिसेंबरात गवत वाळलेलं, चित्रं मोकळी.

आणि एक राहिलंच. बाबा भूगोलाचे शिक्षक ना? त्यांना देवाचे गोठण्याला न्या. भार्गवरामाचं देऊळ आहे तिथे. सड्यावर माणसाचं एकच चित्र, त्याच्याजवळ होकायंत्र धरलं की सुई भलतीकडे वळते. बाबांकडे होकायंत्र असेल तर घेऊन या.

माधवी_कर्वेनगर
परत आलो! उशिरा लिहितेय, क्षमस्व. शेवटी तीनच ठिकाणं केली: जांभरुण, कशेळी, देवाचे गोठणे. तिन्ही ठिकाणी गावातलं कुणीतरी बरोबर होतं. कशेळीच्या काकांनी आम्हाला हत्तीची सोंड कुठून सुरू होते ते सांगितलंच नाही, लेकीनं वीस मिनिटं शोधली.

गोठण्याला बाबांनी शाळेतून निवृत्त होताना मिळालेलं होकायंत्र काढलं. आधी चित्रापासून लांब धरलं, मग एकेक पाऊल जवळ. सुई खरोखर वळली. बाबांनी ते काढून पुसलं, पुन्हा धरलं. मग लेकीला म्हणाले, "वही काढ." दोघांनी कुठे किती अंश फिरते त्याचा नकाशाच करायला घेतला. वाटाड्यानं घड्याळ बघितलं नाही. आमचं दुपारचं जेवण साडेतीनला झालं.

नकाशा पूर्ण झाला नाही, चित्राच्या पूर्वेकडची बाजू राहिली. बाबा विचारतायत, फेब्रुवारीत आडिवऱ्याला फार ऊन असतं का? अप्पा?

राजापूरकर_अप्पा
सकाळी सहाला सड्यावर पोचलात तर नाही. या. आंब्याला मोहोर असेल.