गगनबावड्याच्या पुढं फोनचा नकाशा पुरतो का, की वेगळा जीपीएस घ्यावा?

कळंबेकर:
मंडळी, सासुरवाडी वैभववाडीजवळ, त्यामुळं पावसाळ्यातही करूळ घाटानं जाणं-येणं असतंय. गगनबावडा सोडला की रेंज जाते आणि फोनवरचा नकाशा कोरा. मेहुणा म्हणतोय, काचेला लावायचा वेगळा जीपीएस घ्या. हातात फोन असताना त्यात पैसे घालावेत का?

शाहूपुरीचा दुकानदार:
भावा, पैसे ठेव खिशात. गाड्यांच्या ॲक्सेसरीजचं दुकान आहे माझं. एके काळी मुंबईला जाणारी गिऱ्हाइकं काचेवरचं यंत्र हमखास विचारायची. 2012 ला गुगल मॅप्स भारतात बोलून वाट दाखवायला लागलं, आणि हळूहळू तो विषयच संपला. आता मागतात होल्डर आणि फास्ट चार्जर. माझं शेवटचं यंत्र शोकेसमध्ये धूळ खातंय, बायको रोज विचारते कधी काढणार म्हणून.

तुझी अडचण जीपीएसची नाहीच. उपग्रहाचा सिग्नल फोन रेंजशिवाय पकडतो. नकाशा मात्र इंटरनेटवरनं येतो, तो अडतो. घरच्या वायफायवर कोल्हापूर ते कणकवली एवढा भाग ऑफलाइन उतरवून घे. मग वळण चुकलं तरी नवी वाट दाखवतंय, फक्त ट्रॅफिक कळत नाही. दरड पडून घाट बंद असला तर ते साध्या यंत्रालाही कळणार नाही; गगनबावड्यात चहाला थांबायचं आणि टपरीवाल्याला विचारायचं.

गडवाट:
गाडीपुरतं मान्य. पण पन्हाळा-पावनखिंड चालत जाणार असाल तर माझं मत वेगळं. ऑफलाइन गुगल चालायची वाट सांगत नाही, आणि भर पावसात टचस्क्रीनवर थेंब पडले की नकाशा आपल्या मनानंच सरकतो. आमच्या ग्रुपात एकाकडं बटणांचा, हातातला जीपीएस आहे. पेन्सिल सेलवर चालतो, आणि सेल वाटेवरच्या गावातही मिळतात. फक्त उपग्रहावरनं मेसेज पाठवणारं मॉडेल परदेशातनं मागवू नका. आपल्याकडं त्याला परवाना लागतो, नसला तर पोलिसांचं लचांड मागं लागतंय.

कळंबेकर:
उतरवला नकाशा. आता बुलेटच्या हँडलला फोन लावला तर चालंल का?

शाहूपुरीचा दुकानदार:
चांगला फोन नको लावू. मोठ्या इंजिनाच्या थरथरीनं कॅमेरा बिघडू शकतो, ॲपलनं स्वतःच 2021 मध्ये तसं बजावलंय. घरात जुना फोन पडला असंल तर त्यात नकाशा भर आणि तोच लाव. सिमकार्डही लागत नाही.